मालाडकडे तोंड करून

ट्रान्झिस्टर रेडिओने माणसाला एकटं ऐकायला शिकवलं, असं या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात असतं. आधी म्हणे सगळं कुटुंब दिवाणखान्यातल्या रेडिओभोवती बसायचं. मग ट्रान्झिस्टर आला आणि पोरं आपापला रेडिओ घेऊन आपापल्या खोलीत गेली. अमेरिकेपुरतं हे खरं असेल. आमच्या ठाण्यात अडचण अशी होती की पोरांना जायला दुसरी खोलीच नव्हती.

अमेरिकेतली गोष्ट तशी सरळ आहे. डिसेंबर १९४७मध्ये बेल लॅबमध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियम या अर्धवाहकाच्या तुकड्यावर पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. विल्यम शॉकली त्यांचा वरिष्ठ. १९५६चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. मधल्या काळात, १९५४च्या अखेरीस, रीजन्सी टीआर-१ नावाचा चार ट्रान्झिस्टरचा छोटा रेडिओ बाजारात आला. किंमत ४९.९५ डॉलर, कानात घालायची गुंडी वेगळी. १९५७ साली जपानच्या सोनीने टीआर-६३ काढला आणि तो शर्टाच्या खिशात मावतो अशी जाहिरात केली. तो नेहमीच्या खिशापेक्षा किंचित मोठा होता. म्हणून विक्रेत्यांना मोठ्या खिशांचे शर्ट शिवून दिले, हे कंपनीच्या अकिओ मोरितांनीच पुढे सांगून टाकलं. मला ही हुशारी फार आवडते. रेडिओ लहान होत नाही ना, मग खिसा मोठा करा.

आमच्या चाळीत आलेला ट्रान्झिस्टर मात्र कुठल्याच खिशात मावला नसता. टॉर्चला लागतात तसले चार जाडे सेल त्याच्या पोटात जायचे. वर तपकिरी चामड्याचं कव्हर, स्पीकरच्या जागी भोकांची जाळी, पाठीमागे दोन टिचबटणं आणि खांद्याला अडकवायचा पट्टा. दुपारी शिफ्टला निघालेला माणूस एका खांद्याला डब्याची पिशवी आणि दुसऱ्या खांद्याला ट्रान्झिस्टर अशा थाटात तीन हात नाक्याकडे चालायला लागला की गॅलरीतल्या बायका एकमेकींकडे बघायच्या.

त्याआधी चाळीत रेडिओ एकच होता. घरमालकांचा, वाल्व्हचा. तो भिंतीतल्या फळीवर बसायचा, अंगावर क्रोशाचा रुमाल. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली, ती त्याची एरियल. बटण फिरवलं की लगेच बोलायचा नाही. काचेच्या नळ्यांमधले तंतू तापून लाल व्हायला अर्धा मिनिट जायचा, मग कुठून तरी लांबून आल्यासारखा आवाज उमटायचा. तंतू तापवायला वीज आणि पुढे नळीला काम करायला चांगले शंभराच्या आसपास व्होल्ट लागत, त्यामुळे रेडिओ प्लगाला बांधलेला आणि प्लग ज्याच्या घरात त्याचं राज्य. आम्ही पोरं उंबऱ्याबाहेर उभी राहून ऐकायचो. काय लावायचं ते मालक ठरवायचे, कधी बंद करायचं तेही मालकच. शास्त्रीय गाणं चालू असलं की कुणी खोकायचं नाही.

ट्रान्झिस्टर नळीचंच काम करतो, पण त्याला तापवावं लागत नाही. जर्मेनियमचा एवढासा तुकडा, सहा व्होल्टमध्ये भागतं. एवढ्या एका फरकाने रेडिओची वेसण सुटली. भारतात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२मध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवायला घेतले आणि त्या दशकाच्या अखेरीस नौपाड्यातल्या रुळांलगतच्या आमच्या चाळीपर्यंत ही वस्तू पोचली. रेडिओ हा शब्द मागे पडला. यंत्राच्या आतल्या चिमूटभर भागाचं नाव सगळ्या डब्याला मिळालं आणि सगळे ‘ट्रान्झिस्टर’ म्हणायला लागले. काही घरांत ‘टान्झिस्टर’.

बाबांनी घेतला तेव्हा त्यांना पहिला वैताग दिला तो आवाजाने. मुंबई ‘ब’ केंद्र कधी खणखणीत यायचं, कधी कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्यासारखं पुटपुटायचं. जांभळी नाक्याजवळच्या रिपेअरवाल्याकडे नेला. त्याने मागचं झाकण उघडून आतली काळी कांडी दाखवली. फेराइटची, बोटाएवढी जाड, तिच्यावर बारीक तारेचे वेढे. म्हणाला, “साहेब, ही तुमची एरियल. ही आडवी असते, आणि टोकाच्या दिशेने आलेलं हिला काही कळत नाही. आकाशवाणीचा ट्रान्समीटर मालाडला. ट्रान्झिस्टर मालाडकडे तोंड करून ठेवा, नाहीतर पाठ करून ठेवा. कुशीवर वळवू नका.” बाबांनी पैसे काढले तर त्याने घेतले नाहीत.

तेव्हापासून आमच्या घरात देव पूर्वेकडे बघायचे आणि ट्रान्झिस्टर पश्चिमेकडे, येऊरच्या डोंगरापलीकडे. पाहुण्यांनी कौतुकाने उचलून भलतीकडे ठेवला की बाबा पाणी द्यायच्या निमित्ताने उठून तो सरळ करायचे. रूळ जवळ असल्याने आणखी एक गंमत होती. लोकलच्या पेंटोग्राफची वरच्या तारेवर ठिणगी उडाली की ट्रान्झिस्टर खरखरायचा. पावसाळ्यात ओल्या तारेवर तर फारच. खरखर सुरू झाली की आई म्हणायची, “आली बघ गाडी, पळ.” गाडीचा आवाज नंतर यायचा.

सेल हा घरातला आर्थिक विषय होता. वीज मोफत नव्हती, पण तिचं बिल महिन्यातून एकदाच यायचं. सेल मात्र रोज संपताना दिसायचे. आधी आवाज घोगरा व्हायचा, मग बारीक, मग केंद्र जागेवरून सरकल्यासारखं वाटायचं आणि एक दिवस नुसती शांतता. मग सेल काढून गॅलरीच्या कठड्यावर उन्हात. त्यात अंधश्रद्धा काही नव्हती. थोडा आराम आणि थोडी ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया जरा जोर धरते आणि संध्याकाळच्या बातम्यांपुरता सेल पुन्हा उठतो. फक्त तो उठतो स्वतःला खाऊन. जस्ताचा बाहेरचा डबाच त्याचा एक ध्रुव असतो, वापरता वापरता तो विरघळत जातो आणि शेवटी भोक पडून आतला चिकट माल स्प्रिंगांवर ओघळतो. कंजूस माणसाचा ट्रान्झिस्टर उघडला की हिरवट-पांढरी बुरशी दिसायची. ती दाढीच्या जुन्या ब्लेडने खरवडायचं काम माझ्याकडे होतं.

आता मूळ मुद्दा. यंत्र एका माणसाचं झालं, त्यात वादच नाही. पण आवाज? चाळीच्या खोल्यांमधल्या भिंती अशा की शेजारच्या घरात दूध उतू गेलं तर आमच्याकडे कळायचं. तिथे ट्रान्झिस्टर कुणाचाही असो, ऐकायचे सगळेच. सकाळी वॉल्टर कॉफमनने बांधलेली ती आकाशवाणीची धून पहिल्या मजल्यावर सुरू व्हायची आणि गॅलरीभर पाच-सहा ठिकाणी पुढेमागे जुळायची. (हा कॉफमन ज्यू संगीतकार, नाझींच्या काळात युरोप सोडून मुंबईला आलेला. त्याची शिवरंजनीची सावली असलेली धून आमच्या दात घासण्याला पार्श्वसंगीत म्हणून मिळाली, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.) सातच्या सुमाराला पुण्याहून सुधा नरवणे यांच्या प्रादेशिक बातम्या. त्या ऐकायला कुठे थांबावं लागायचं नाही. नळावरून निघालं की पहिलं वाक्य एका दारात, दुसरं दुसऱ्या दारात, आणि घरी पोचेपर्यंत बातमी पुरी.

२४ ऑगस्ट १९७१ची संध्याकाळ मला आठवते, कारण त्या दिवशी आरती लांबली होती. गणेश चतुर्थी होती आणि ओव्हलवर कसोटीचा शेवटचा दिवस. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळलं होतं. ज्या चतुर्थीला चंद्राकडे बघायचं नाही तिच्या आदल्या दिवशी चंद्रानेच काम केलं, हा विनोद त्या दिवशी चाळीत किती जणांनी स्वतःचा म्हणून सांगितला ते विचारू नका. जिंकायला १७३ हव्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या बंडूकाकांचा शॉर्टवेव्ह असलेला सेट, तो गॅलरीच्या कठड्यावर मांडलेला. कॉमेंट्री इंग्रजीत, अर्धी खरखरीत. आवाज मध्येच भरून यायचा, मध्येच असा विरायचा की बंडूकाका दोन बोटांनी काटा केसाएवढा हलवायचे आणि बाकी सगळे श्वास धरायचे. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांना कॉमेंटेटरच्या आवाजाच्या चढावरून कळत होतं. खाली मोदक थंड होत होते. गुरुजी घरमालकांकडे खोळंबलेले, आणि थोड्या वेळाने तेही उपरणं सावरत वर आले. अबीद अलीने चौकार मारला, चार गडी राखून सामना आणि मालिका दोन्ही आपली, आणि वाडेकरच्या संघाने इंग्लंडला त्यांच्याच घरात पहिल्यांदा हरवलं. मग आरती झाली ती अशी की झांजा वाजवणाऱ्यांना ताल सांभाळता येईना. त्याच दिवशी तिकडे मैदानावर कुणी तरी खराखुरा हत्ती फिरवला होता, हे नंतर वर्तमानपत्रातून कळलं. बंडूकाका म्हणाले, “मग बरोबर.”

या गर्दीत एकटं कोण होतं? निवड बंडूकाकांची होती, एवढंच. ते दुसरं काही लावते तर आम्ही दुसरं काही ऐकलं असतं.

ही निवड कुणाकडे गेली, तो भाग मला सगळ्यात मोठा वाटतो. बाबांच्या, मालकांच्या हातून ती थोडी थोडी निसटत गेली. माझी आत्या वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा युनिटमध्ये कॉइल गुंडाळायला जायची. वागळे इस्टेट म्हणजे जिथे १९६२च्या ऑगस्टमध्ये एमआयडीसीचा जन्म झाला ती वसाहत. मर्फी रेडिओचा कारखानाही ठाण्यातलाच. ओठांवर बोट ठेवलेलं ते बाळ आम्हाला मुंबईच्या बाळांपेक्षा आमचंच वाटायचं. मोठ्या कारखान्यांच्या आसपास सुटे भाग करणारी बारकी युनिट उगवली होती, त्यांतलं हे एक. आत्याने एकदा मला तिच्या कामाची वस्तू दाखवली. नखाएवढा ॲल्युमिनियमचा चौकोनी डबा, त्याच्या डोक्यावर भोक आणि भोकात रंगीत स्क्रू. लाल रंगाचा ऑसिलेटरचा, म्हणजे सेटच्या आतच स्वतःचा सिग्नल तयार करणाऱ्या भागाचा; पिवळा, पांढरा आणि काळा हे त्याच्या पुढच्या तीन टप्प्यांचे. केंद्र कुठलंही लावा, ५५८ किलोहर्ट्झवरचं मुंबई ‘ब’ असो की आणखी कुठलं, आत गेल्यावर त्याचं रूपांतर ४५५ किलोहर्ट्झमध्ये होतं आणि पुढचं सगळं गाळणं-वाढवणं त्या एकाच ठिकाणी. आत्याला हे गणित कुणी शिकवलं नव्हतं. तिला वेढे माहीत होते. तार केसापेक्षा बारीक, घामाचं बोट लागलं की तुटते, म्हणून उन्हाळ्यात त्या बायका बोटांना टाल्कम पावडर लावायच्या आणि घरी येताना सगळ्यांना एकच वास यायचा.

आत्या लवकर विधवा झालेली, भावाच्या घरात राहणारी. तिने बोनसमधून स्वतःचा एक छोटा सेट घेतला. तेव्हा रेडिओला परवाना लागायचा. पोस्टात वर्षाला पंधरा रुपये भरायचे आणि छोट्या पुस्तकात त्याची नोंद करून घ्यायची. बाबा म्हणाले, माझ्या नावावर काढू. ती म्हणाली, “मी जाऊन आलेय.” पुस्तकावर तिचं नाव होतं, नवऱ्याच्या आडनावासकट. रेशनकार्डावर ती कुणाची तरी बहीण होती. पोस्टाच्या लेखी ती श्रोता होती.

तिच्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात ‘वनिता मंडळ’ आलं, ‘कामगार सभा’ आली आणि रात्री भांडी घासताना ‘आपली आवड’. ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेतले टेकाडे भावजी तर तिला आमच्या खऱ्या भावजींपेक्षा जवळचे. बाबांना बातम्या हव्या असत, आणि त्या लागतही, पण आता विचारून. मोठा बदल म्हणून इतिहासात कुणी याची नोंद करणार नाही. आमच्या घरात तो झाला आणि ‘जरा बातम्या लाव गं’ असं बाबांनी आत्याला पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आईने पोळी लाटता लाटता माझ्याकडे बघितलं होतं.

सरकारलाही ही ताकद कळली होती, दोन्ही अंगांनी. १९५२ साली माहितीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळपास हद्दपार केली, आणि श्रोते निमूटपणे काटा फिरवून रेडिओ सिलोनवर गेले. ते परत यावेत म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती काढावी लागली. पुढे हाच ट्रान्झिस्टर कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेचं बक्षीस झाला, आणि आणीबाणीच्या दिवसांत ती थट्टा राहिली नाही. ‘नवा ट्रान्झिस्टर घेतलास?’ या प्रश्नावर माणसं चिडायला लागली. १९८४च्या ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधी गेल्याचं आकाशवाणीने संध्याकाळी सांगितलं. शॉर्टवेव्हवर बीबीसी ऐकणाऱ्यांना ते काही तास आधीच कळलं होतं. आमच्या ऑफिसात शिपायाच्या टेबलाखाली ट्रान्झिस्टर असायचा. त्या दुपारी साहेब स्वतः त्याच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. परवाना ऐंशीच्या दशकातच रद्द झाला. आत्याने पुस्तक फेकलं नाही.

मला वाटतं, एकटं ऐकणं आमच्याकडे ट्रान्झिस्टर गेल्यावर आलं. मुंबईत खाजगी एफएम या शतकाच्या सुरुवातीला सुरू झालं आणि पाठोपाठ मोबाइलमध्येच रेडिओ आला. त्या मोबाइलला एरियल नव्हती. इअरफोनची वायर हीच त्याची एरियल, ती लावल्याशिवाय केंद्र लागायचंच नाही. म्हणजे कानात घातल्याशिवाय ऐकणं यंत्रालाच मंजूर नव्हतं. ठाण्याहून वाशीला जाणारी ट्रान्सहार्बर लोकल २००४मध्ये सुरू झाली तेव्हा मी तुर्भ्याच्या ऑफिसात होते. त्या नव्या गाडीत पहिल्यापासून कानात वायरी दिसल्या. जुन्या मेन लाइनला मॅचच्या दिवशी कुणाच्या तरी खांद्याला ट्रान्झिस्टर असायचा आणि “स्कोअर काय झाला?” हे वाक्य अनोळखी माणसाला विचारायचा सगळ्यांना हक्क होता. बायकांच्या डब्यातूनही जाळीपलीकडे विचारायचो. कानात वायर असलेल्या माणसाला कसं विचारणार? खांद्यावर टकटक करावी लागते. आपल्याकडे तेवढी सलगी नाही.

२६ जुलै २००५ला मात्र जुनं सगळं एका रात्रीपुरतं परत आलं. वीज नाही, मोबाइल बंद, आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात मेणबत्त्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा सेलवरचा सेट. कुठल्या रस्त्यावर किती पाणी, गाड्या कुठे अडकल्यात हे ऐकत पंधरा-वीस माणसं पायऱ्यांवर बसली होती. आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा सोसायटीला काही दिलं असेल. एरवी ते मेंटेनन्स देतानाही भांडायचे.

आता मी घोडबंदर रोडला राहते. मिडियम वेव्ह इथे धड लागत नाही. एलईडी दिवे, चार्जर, लिफ्टच्या मोटारी, सगळ्यांची भणभण त्याच पट्ट्यात घुसते. ‘अस्मिता’ म्हणून आता ओळखलं जाणारं जुनं मुंबई ‘ब’ फोनवरच्या ॲपमध्ये स्वच्छ ऐकू येतं, आणि मी तिथेच ऐकते. ज्यांना खरखरीची ओढ आहे त्यांनी ती जरूर बाळगावी. मला बातम्या नीट ऐकू आलेल्या चालतात.

आमच्या गेटवर परभणीकडचा एक वॉचमन आहे. त्याच्याकडे पेनड्राइव्ह लागतो तसला हातभर पट्ट्याचा चिनी रेडिओ आहे आणि तो रात्री १०२.८वर विविध भारती लावतो. बिनवायरीचा, उघड्यावर. गेल्या महिन्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की याने इअरफोन वापरावा. लगेच दुसऱ्याने लिहिलं, इअरफोन घातला तर गाडीचा हॉर्न कसा ऐकणार. तिसऱ्याने लिहिलं, रेडिओच नको. त्यावर पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी, ज्यांच्या बाल्कनीखाली त्याची खुर्ची आहे, लिहिलं की त्यांची काही हरकत नाही, फक्त नऊनंतर जुनी गाणी असतात ती लावावीत, त्याला नेमकी तेव्हाच क्रिकेटची हुक्की येते.

विषय रविवारच्या मीटिंगमध्ये आहे, पार्किंगनंतर. वॉचमनच्या बाजूने मी आणि काकू धरून आमची चार मतं होतात. काकूंना मी सांगितलंय की मत द्या, पण गाणी कुठली लावायची ते त्यालाच ठरवू द्या. त्या अजून विचार करतायत.